सॉफ्टवेअरने दाखवलेले शून्य: गुहागरच्या घरगुती व्यवसायासाठी कीवर्डचा विचार

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. गुहागर तालुक्यात आपल्या घरातील चार खोल्या पर्यटकांना राहण्यासाठी असतात, हंगामात बागेतला हापूस आपण पेटीने विकता आणि उरलेले वर्ष कोकम आगळ, आमसुले व काजूगर यांची विक्री चालते. संकेतस्थळ तयार झाले आहे. एका परिचिताच्या सांगण्यावरून आपण कीवर्ड, म्हणजे लोक गुगलवर जे शब्द टाकून शोधतात ते, शोधण्याचे एक सॉफ्टवेअर मोफत मुदतीत वापरून पाहिले, तेव्हा मराठीत टाकलेल्या बहुतेक शब्दांपुढे शून्य आले आणि ज्या इंग्रजी शब्दांपुढे मोठे आकडे होते त्या शब्दांवर मोठ्या प्रवासी कंपन्या व किराणा ॲप आधीच बसलेले दिसले. आता वर्षाची वर्गणी भरावी का, मराठीत लिहिणे सोडून द्यावे का आणि नेमक्या कोणत्या शब्दांवर पाने लिहावीत, असे आपण विचारले आहे.

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे लहान आहेत. वर्षाची वर्गणी भरू नये आणि मराठी सोडू नये. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र या सॉफ्टवेअरमधील आकडे मुळात येतात कुठून, हे समजल्याशिवाय देता येत नाही, म्हणून तिथूनच सुरुवात करते. रत्नागिरीत बसून गेली बारा वर्षे मी बागायतदार, खानावळी, होमस्टे आणि प्रक्रिया उद्योग चालवणाऱ्या छोट्या व्यावसायिकांसाठी हेच काम करते, आणि या सॉफ्टवेअरमधील सर्वांत कमी भरवशाचा रकाना आकड्यांचा व सर्वांत उपयोगी रकाना शब्दांचा असतो, असे माझे ठाम मत झाले आहे. बहुतेक लोक नेमके उलटे वाचतात.

गुगलवर कोणता शब्द किती वेळा शोधला गेला याची खरी नोंद फक्त गुगलकडे असते. ती बाहेर येते ती मुख्यतः कीवर्ड प्लॅनर या साधनातून, आणि हे साधन गुगलने २०१३ मध्ये आणले ते लेखकांसाठी नव्हे, तर जाहिरातदारांसाठी. त्यामुळे जाहिरातीवर नियमित खर्च न करणाऱ्या खात्याला ते नेमका आकडा न देता टप्पा देते, जसे की शंभर ते एक हजार, किंवा एक हजार ते दहा हजार. या टप्प्याची दोन टोके एकमेकांच्या दहापट आहेत. एकशे वीस शोध असलेला शब्द आणि नऊशे शोध असलेला शब्द आपल्याला एकाच ओळीत एकसारखे दिसतात. एचरेफ्स, सेमरश यांसारख्या कीवर्डची सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपन्या ही माहिती घेतात, तिच्यात इंटरनेट वापरणाऱ्या काही लोकांच्या ब्राउझिंगच्या नोंदी विकत घेऊन मिसळतात आणि गणिताने एक अंदाज बांधतात. अंदाज चारशे ऐंशी असा नेमक्या रूपात छापलेला असल्यामुळे तो मोजलेला वाटतो, इतकेच.

आता आपल्या शून्याकडे येऊ. इंग्रजीतील रोजच्या शब्दासाठी अशा नोंदी भरपूर असतात, म्हणून अंदाज बरा येतो. मराठीत लिहिलेल्या चार शब्दांच्या प्रश्नासाठी त्या नमुन्यात एकही माणूस सापडला नाही, तर सॉफ्टवेअर शून्य लिहिते. त्या शून्याचा खरा अर्थ ‘आमच्या जाळ्यात काही आले नाही’ एवढाच असतो. एका खेपेला जाळे रिकामे आले म्हणून कोणी दर्यात मासळीच नाही असे म्हणत नाही, पण सॉफ्टवेअरच्या पडद्यावर मात्र तेच म्हटले जाते आणि लोक ते मानतात. शिवाय गुगलने अनेकदा जाहीरपणे सांगितले आहे की रोज विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांपैकी सुमारे १५ टक्के प्रश्न पूर्वी कधीच विचारले गेलेले नसतात. अशा प्रश्नांचा मागील आकडा कोणत्याही साधनाकडे असणे शक्य नाही.

आणखी एक गोष्ट. बाहेरच्या बहुतेक साधनांची माहिती देशानुसार साठवलेली असते, भाषेनुसार नव्हे. देवनागरीत ‘काजू’ किंवा ‘कोकम’ टाकल्यावर जो आकडा येतो त्यात हिंदीत शोधणारेही मिसळलेले असतात, आणि आपण तो मराठी ग्राहकांचा समजतो. म्हणजे लहान आकडा खरा नसतो आणि मोठाही नसतो.

सरासरीचा घोटाळा तर आपल्या किनाऱ्यासाठी खास महत्त्वाचा आहे. सर्च व्हॉल्यूम म्हणून दाखवला जाणारा आकडा साधारणपणे बारा महिन्यांची सरासरी असतो. समजा, हापूसच्या पेटीविषयीचा एखादा शब्द एप्रिल आणि मे या दोन महिन्यांत प्रत्येकी सहा हजार वेळा शोधला जातो आणि उरलेले दहा महिने त्याला कोणी विचारत नाही. सॉफ्टवेअर त्यापुढे एक हजार लिहील. हा आकडा वर्षातल्या कोणत्याच महिन्याला लागू नाही. बारमाही विकल्या जाणाऱ्या मोबाइलच्या कव्हरसाठी सरासरी ठीक आहे. आंबा, ओले काजूगर, मे महिन्यातील खोल्या आणि पावसाळ्यातील धबधबे यांसाठी ती जवळजवळ निरुपयोगी आहे. कीवर्ड प्लॅनरमध्ये शब्दावर माउस नेला की महिन्यांचा आलेख उघडतो. तो आधी पाहावा आणि मगच सरासरीकडे वळावे.

याच कामासाठी गुगल ट्रेंड्स हे मोफत साधन मला कोणत्याही सशुल्क सॉफ्टवेअरपेक्षा अधिक उपयोगी वाटते, फक्त त्याचे आकडे नीट वाचायला हवेत. तिथे दिसणारे १०० म्हणजे शंभर शोध नव्हेत. निवडलेल्या काळात आणि प्रदेशात तो शब्द ज्या क्षणी सर्वाधिक शोधला गेला त्या क्षणाला १०० मानून बाकीचे सर्व त्याच्या प्रमाणात दाखवलेले असते. प्रदेश महाराष्ट्र आणि काळ मागील पाच वर्षे असा ठेवून रोमन लिपीत हापूस टाकून पाहा. मार्चपासून चढणारी आणि पावसाबरोबर कोसळणारी तीच टेकडी पाच वेळा दिसेल. आता महत्त्वाची गोष्ट अशी की आपले पान त्या टेकडीच्या पायथ्याशी आधीच उभे असायला हवे. नव्या संकेतस्थळावरील पान गुगलच्या निकालांत स्थिर व्हायला अनेक आठवडे, कधी काही महिनेही लागतात. म्हणून आंब्याचे पान मोहोर येतो तेव्हा, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत लिहून व्हायला हवे आणि मे महिन्यातील मुक्कामाचे पान फेब्रुवारीत. पहिली पेटी बांधायला घेतल्यावर जो लेख लिहायला बसतो, त्याचा लेख आषाढात वर येतो. दरवर्षी नवे पान काढू नये, हेही इथेच सांगते. ‘हापूस दर’ या पानाचा पत्ता कायम तोच ठेवून त्यातील वर्ष, दर आणि पाठवणीच्या तारखा बदलाव्यात, म्हणजे मागील हंगामाची पुण्याई वाया जात नाही.

आता एक कबुली. सुरुवातीची दोन-तीन वर्षे मी कीवर्ड प्लॅनरमधील ‘स्पर्धा’ हा रकाना पूर्णपणे चुकीचा वाचत होते. ज्या शब्दापुढे ‘कमी’ लिहिलेले असे ते शब्द सोपे आणि ‘जास्त’ लिहिलेले कठीण, असे समजून मी एका बागायतदाराच्या संकेतस्थळासाठी सगळे ‘कमी’ स्पर्धेचे शब्द निवडले. पाने वर आली, लोकही आले, पण पेट्या विकल्या गेल्या नाहीत. दोन हंगाम असेच गेले आणि त्या गृहस्थांनी फार सभ्यपणे माझे काम थांबवले. तो रकाना जाहिरातदारांमधील चढाओढ दाखवतो, लेखांमधील नव्हे, हे मला नंतर कळले. जिथे जाहिरातदार पैसे मोजत नाहीत तिथे बहुधा विकत घेणारे फिरकत नाहीत; मी निवडलेल्या शब्दांनी शाळेच्या निबंधासाठी आंब्याची माहिती शोधणारी मुले आली होती. आज मी तोच रकाना उलटा वाचते. ‘स्पर्धा जास्त’ आणि जाहिरातीची बोली, म्हणजे एका क्लिकसाठी जाहिरातदार देऊ करतात ती रक्कमही चढी असेल, तर त्या शब्दामागे खिशात हात घातलेला माणूस आहे, असे समजते. शोधांच्या आकड्यापेक्षा बोलीची रक्कम मला अधिक काही सांगते, कारण ती रक्कम कोणीतरी स्वतःच्या पैशाने ठरवलेली असते.

सशुल्क साधनांतील ‘कीवर्ड डिफिकल्टी’ ही गोष्ट वेगळी आहे, आणि तीही समजून घेण्यासारखी आहे. एचरेफ्समध्ये ती मुख्यतः पहिल्या दहा निकालांना बाहेरच्या किती संकेतस्थळांनी दुवे दिले आहेत यावर ठरते. दुसऱ्या कंपनीचे सूत्र वेगळे असल्यामुळे एकाच शब्दाला एका ठिकाणी १२ आणि दुसरीकडे ३५ असे गुण दिसतात. त्यांची तुलना करू नये. मराठी शब्दांना बहुतेक वेळा शून्य किंवा त्याच्या आसपास गुण मिळतात, कारण मराठी पानांना दुवे देण्याची पद्धतच कमी आहे. त्यावरून मैदान मोकळे आहे असे समजणे धोक्याचे. तो शब्द स्वतः गुगलवर टाकून पाहावा. ‘गुहागर होमस्टे’ असा शोध घेतला की वर नकाशा आणि त्याखाली ठिकाणांची यादी, मग मुक्काम ठरवून देणारी मोठी संकेतस्थळे, मध्ये कुठेतरी व्हिडिओ, अशी गर्दी साधारणपणे दिसते. अशा शब्दासाठी लेख कितीही चांगला असला तरी त्याला जागा उरत नाही. तिथे आपले गुगल बिझनेस प्रोफाइल, म्हणजे गुगलच्या नकाशावर दिसणारी व्यवसायाची नोंद, त्यातील छायाचित्रे आणि पाहुण्यांचे अभिप्राय काम करतात. तेव्हा या एका शब्दापुरते लेखन बाजूला ठेवून प्रोफाइल पूर्ण करावे. त्या प्रोफाइलच्या कामगिरीच्या पानावर लोकांनी कोणते शब्द टाकून आपल्याला शोधले तेही मोफत दिसते, आणि ते शब्द कोणत्याही विकतच्या यादीपेक्षा खरे असतात.

हे करताना एक काळजी घ्यावी. गुहागरात बसून दिसणारे निकाल आणि पुण्यातील ग्राहकाला दिसणारे निकाल एकसारखे नसतात. गुगल ॲड्सच्या खात्यात जाहिरात पूर्वावलोकनाचे साधन असते, त्यात ठिकाण पुणे किंवा मुंबई आणि उपकरण मोबाइल असे निवडून निकालांचे पान पाहता येते. जाहिरातीवर एक रुपयाही खर्च न करता हे करता येते.

आता शब्दांकडे वळू, कारण खरे काम तिथेच आहे. आपल्या वस्तूचे आपल्या तोंडातील नाव आणि ती विकत घेणाऱ्याच्या तोंडातील नाव यांत किती अंतर असते, याचा सर्वांत चांगला धडा मला आगळाने दिला. दक्षिण कोकणातील एका घरगुती उत्पादकाच्या पानाचे शीर्षक नुसते ‘आगळ’ असे होते. आपल्याकडे त्यात समजावून सांगण्यासारखे काही नाही. पण नागपूरच्या किंवा नाशिकच्या गृहिणीला आगळ म्हणजे काय ते माहीत नसण्याचीच शक्यता जास्त. तिने हॉटेलात सोलकढी प्यायलेली असते आणि ती शोधते ‘सोलकढीसाठी कोकम’ किंवा ‘कोकम रस’. सॉफ्टवेअरला विचारले तर ते तिसरेच सुचवते, ते म्हणजे इंग्रजीतील कोकम सिरप, कारण त्याचा आकडा मोठा. आम्ही मोठ्या आकड्याच्या मागे लागून तो शब्द शीर्षकात घातला असता, तर काय झाले असते? अमृत कोकमाची गोडी अपेक्षून बाटली मागवणाऱ्याच्या हाती मीठ घातलेला आंबट रस पडला असता, बाटल्या परत आल्या असत्या आणि अभिप्राय खराब झाले असते. शेवटी शीर्षक असे केले: ‘कोकम आगळ: सोलकढीसाठी लागणारा कोकमाचा खारा रस’. त्यात आपला शब्द आहे, ग्राहकाचा शब्द आहे आणि दोन वस्तूंतील फरकही आहे. पानाच्या मध्यभागी एक परिच्छेद आगळ आणि अमृत कोकम यांतील फरकावर लिहिला, कारण फोनवर प्रत्येक जण तेच विचारत होता. तो परिच्छेदच पुढे सर्वाधिक वाचला गेला. या शब्दांपुढे सॉफ्टवेअर तेव्हाही शून्यच दाखवत होते.

म्हणून आपल्याला माझी पहिली विनंती ही राहील की आपल्या व्हॉट्सॲपवर मागील वर्षभरात आलेल्या चौकशा उघडाव्यात आणि लोकांनी वापरलेले शब्द, त्यांच्याच शुद्धलेखनासह, एका वहीत किंवा शीटमध्ये उतरवून काढावेत. ‘पेटीत किती डझन’, ‘कार्बाईड नाही ना’, ‘अढीत पिकवलेला का’, ‘चिपळूणहून किती लांब’, ‘समुद्र चालत जाण्याजोगा आहे का’, ‘व्हेज जेवण मिळेल का’, ‘गाडी लावायला जागा’. शंभर चौकशा उतरवल्या की त्यातून पंधरा-वीस प्रश्न पुन्हा पुन्हा येताना दिसतील. हाच आपला बीजसाठा. मग यातील प्रत्येक शब्द गुगलच्या चौकटीत टाकून खाली उमटणाऱ्या सूचना पाहाव्यात. ‘गुहागर’ लिहून पुढे क, ख, ग असे एकेक अक्षर देत गेल्यास खऱ्या लोकांनी विचारलेल्या गोष्टी एकामागून एक दिसतात. सॉफ्टवेअरचा उपयोग यानंतरचा आहे: आपल्या वीस शब्दांपासून दोनशे शब्दांचा गोतावळा जमवणे आणि त्यांची एकमेकांशी तुलना करणे. आकडा खोटा असला तरी दोन शब्दांतील तुलना बऱ्याचदा खरी निघते, कारण एकाच मापाने दोन्ही चुकीचे मोजलेले असतात.

लिपीचा प्रश्न आपण वेगळा विचारलेला नाही, पण तो आहेच. मराठी माणूस मराठीतच विचार करतो आणि पुष्कळदा रोमन अक्षरांत लिहितो. मोबाइलवर बोलून शोधले तर तेच देवनागरीत उमटते, कारण २०१७ पासून गुगलचा आवाजी शोध मराठी समजतो. एकाच फळाला देवनागरीत हापूस, रोमन लिपीत त्याच शब्दाची तीन-चार स्पेलिंगे, मुंबईतील गुजराती ग्राहकांचे हाफूस आणि देशभर चालणारे अल्फान्सो, अशी नावे आहेत. या सर्वांसाठी वेगवेगळी पाने लिहू नयेत आणि चुकीची स्पेलिंगेही पानावर पेरू नयेत. स्पेलिंगमधील फरक गुगल स्वतः जुळवून घेते. मराठी पानावर शीर्षक मराठीत ठेवावे, पानाच्या पत्त्यात रोमन शब्द ठेवावेत आणि इंग्रजीत वाचणाऱ्या ग्राहकासाठी एक स्वतंत्र इंग्रजी पान नीट लिहावे, यंत्राने भाषांतर करून नव्हे. हापूस आणि अल्फान्सो या दोन शब्दांची ट्रेंड्समध्ये राज्यांनुसार तुलना केली की आपण कुठे माल पाठवू शकता त्याप्रमाणे कोणता शब्द कुठल्या पानावर असावा हे ठरवता येते.

मराठीत विभक्तीमुळे आणखी एक पेच पडतो. शोधणारा ‘हापूस आंबा पेटी भाव’ असे नुसते शब्द एकापुढे एक ठेवतो. मराठी वाक्यात मात्र ‘हापूस आंब्याच्या पेटीचा भाव’ असेच लिहावे लागते. सॉफ्टवेअर ‘आंबा’, ‘आंबे’ आणि ‘आंब्याची’ यांना तीन वेगळे शब्द मानून तिघांपुढे तीन आकडे लिहिते, आणि लेखन तपासून हिरवा-लाल दिवा दाखवणारी काही प्लगइन तर मूळ रूप जसेच्या तसे पानावर दहा वेळा आले नाही म्हणून लाल दिवा लावतात. तो दिवा हिरवा करण्याच्या नादात मी ‘आमच्याकडे हापूस आंबा पेटी भाव योग्य आहे’ अशी वाक्ये छापून आलेली पाहिली आहेत. असे मराठी कोणी बोलत नाही आणि असे वाक्य वाचून कोणी पैसेही पाठवत नाही. २०१९ च्या अखेरीस गुगलने वाक्याचा संदर्भ समजून घेणारी बर्ट ही पद्धत मराठीसह सत्तरहून अधिक भाषांना लागू केली. सामान्यरूपातील शब्द ओळखण्यासाठी आता आपल्या व्याकरणाचा बळी देण्याची गरज नाही. मूळ रूप शीर्षकात एकदा यावे, बाकी मजकूर घरी पत्र लिहावे तसा लिहावा. पानाच्या कोडमध्ये कीवर्डची यादी भरण्याचा सल्ला अजूनही काही जण देतात. निकालांचा क्रम लावताना गुगल ती यादी वापरत नाही, हे त्याने २००९ मध्येच जाहीर केले होते.

मोठ्या आकड्यांचा मोह कुठे टाळावा, याची दोन उदाहरणे आपल्याच भागातील देते. गणपतीच्या आधी काही महिने कोकण रेल्वेच्या विशेष गाड्यांविषयी प्रचंड शोध होतात आणि सॉफ्टवेअर हे शब्द आनंदाने सुचवते. पण हे शोधणारे बहुतेक जण चाकरमानी असतात, त्यांचे स्वतःचे घर गावात असते, आणि त्यांना आपल्या खोलीची गरज नसते. त्या शब्दावर हजार माणसे आली तरी एक खोली भरणार नाही. याउलट, दाभोळ-धोपावे फेरीबोटीच्या वेळा आणि भाडे शोधणारा माणूस दापोलीच्या बाजूने गाडी घेऊन गुहागरकडेच निघालेला असतो, आणि तवसाळ-जयगड फेरी शोधणारा गणपतीपुळ्याहून इकडे किंवा इकडून तिकडे जाणारा. या शब्दांचे आकडे लहान आहेत. पण फेरीच्या वेळा, गाडीचे भाडे, शेवटची फेरी चुकल्यास चिपळूणमार्गे पडणारा वळसा, हे सर्व नीट लिहिलेले एक पान आपल्या खोल्यांकडे जितके लोक आणेल तितके ‘कोकण पर्यटन’ हा शब्द कधीही आणणार नाही. असेच एक पान कासवांचे. वेळासचे नाव सर्वांना ठाऊक आहे, पण गुहागरच्या किनाऱ्यावरही ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी मोठ्या संख्येने सापडतात, आणि पिल्ले समुद्रात जातात तो काळ शाळेच्या सुट्टीच्या आधीचा, म्हणजे आपल्या खोल्या रिकाम्या असण्याचा असतो.

दुसरे उदाहरण नावाचे आहे. सॉफ्टवेअर आपल्याला ‘देवगड हापूस’ हा शब्द सुचवील, आणि आपल्या पानावर तो घालण्याचा मोह होईल. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांसाठी. आपली बाग रत्नागिरी जिल्ह्यात आहे, तेव्हा ‘रत्नागिरी हापूस’ असे आपण प्रामाणिकपणे लिहू शकता, आणि मानांकनाचे चिन्ह वापरायचे असल्यास अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करून घ्यावी. गुहागरचा आंबा देवगडच्या नावाने विकणे ही ग्राहकाची फसवणूक आहे. कोणता शब्द आपला आहे आणि कोणता नाही हे सॉफ्टवेअरला कळत नाही. ‘सेंद्रिय’ या शब्दालाही प्रमाणपत्राशिवाय हात लावू नये.

चॅटजीपीटीसारख्या साधनाकडून कीवर्डची यादी मागण्याविषयी आपण ओझरते विचारले आहे. प्रश्नांची कल्पना सुचण्यासाठी ते चालेल. परंतु त्याने स्वतःहून दिलेल्या शोधसंख्येवर विश्वास ठेवू नये, कारण ती संख्या शोधांच्या कोणत्याही नोंदीतून आलेली नसते.

पाने लिहून झाली की खरा आरसा म्हणजे गुगल सर्च कन्सोल. ते मोफत आहे आणि त्यातील आकडे अंदाजाचे नसून आपल्याच संकेतस्थळाचे असतात: कोणत्या शब्दावर आपले पान किती वेळा दिसले, किती जणांनी उघडले, सरासरी कितव्या क्रमांकावर होते. फार थोड्या लोकांनी वापरलेले शब्द गोपनीयतेसाठी त्यात वगळलेले असतात, एवढी मर्यादा ध्यानात ठेवावी. मी दर महिन्याला त्यात एकच गोष्ट शोधते: ज्या शब्दांवर पान पुष्कळदा दिसले, क्रमांक आठ ते वीसच्या दरम्यान होता आणि कोणी उघडले नाही, असे शब्द. त्या शब्दांचे उत्तर पानात नीट दिलेले नसते, किंवा शीर्षकातून ते दिसत नसते. दोन परिच्छेद वाढवून आणि शीर्षक बदलून पुष्कळदा काम होते. सर्च कन्सोलमध्ये सोळा महिन्यांची माहिती राहते, त्यामुळे मागचा एप्रिल आणि हा एप्रिल शेजारी ठेवून पाहता येतो. त्याआधीचा हंगाम मात्र पुसला जातो, म्हणून दर जूनमध्ये पेट्यांचा हिशेब मिटवताना हीही माहिती उतरवून ठेवण्याची सवय लावून घ्यावी.

आता वर्गणीचे. नावाजलेल्या साधनांची पूर्ण क्षमतेची आवृत्ती महिन्याला शंभर डॉलरहून अधिक किमतीची आहे. चार खोल्या आणि काही शे पेट्यांच्या व्यवसायाला हा बारमाही खर्च परवडण्याचे कारण नाही. शब्द रोज बदलत नाहीत. वर्षातून एकदा नीट गोळा केले की पुरतात. जुलै महिना यासाठी उत्तम, कारण पाऊस धो-धो पडत असतो, पाहुणे तुरळक असतात आणि आंबा संपलेला असतो. त्याआधी वहीतील वीस प्रश्न, सूचनांमधून मिळालेले शब्द आणि शेजारच्या चार-पाच चांगल्या संकेतस्थळांचे पत्ते तयार ठेवावेत. मग एकच महिना घेऊन त्या संकेतस्थळांना कोणत्या शब्दांवर लोक मिळतात ते पाहावे, सर्व याद्या उतरवून घ्याव्यात आणि वर्गणी बंद करावी. आपल्या स्वतःच्या संकेतस्थळाच्या तपासणीसाठी एचरेफ्सची एक मोफत आवृत्ती आहे, ती पुढे वर्षभर चालते. एकाच खात्याचा पासवर्ड पन्नास जणांना वाटून तीनशे रुपयांत प्रवेश देणारे लोक समाजमाध्यमांवर भेटतील. तो मार्ग कंपन्यांच्या नियमांविरुद्ध आहे आणि त्यासाठी ते जे एक्स्टेन्शन आपल्या ब्राउझरमध्ये बसवायला लावतात त्यातून आपली इतर खातीही धोक्यात येतात.

पहिल्या वर्षी पाच पानांपेक्षा अधिक लिहू नये: आगळ व आमसुले, हापूसची पेटी, चिपळूण स्थानकावरून आणि दोन्ही फेरीबोटींनी गुहागरला येण्याचे मार्ग, कासवांच्या दिवसांतील मुक्काम, आणि घरच्या जेवणासह खोल्यांचे दर. यातील रस्त्याचे पान सर्वांत आधी लिहावे, कारण त्याला हंगाम नाही. महिन्याची वर्गणी घेतल्यास ती ज्या दिवशी भराल त्याच दिवशी आपोआप नूतनीकरणाची सोय बंद करून टाकावी. पैसे भरलेला महिना त्यानंतरही पूर्ण वापरता येतो.